घंटागाडी जे नेत नाही, त्याचं काय?

ओला कचरा वेगळा, सुका कचरा वेगळा, हे पुण्यात आता शाळेतली मुलंही सांगतात. पण प्रत्येक घरात असा काही कचरा असतो जो या दोन्ही बादल्यांत बसत नाही. बंद पडलेला राऊटर, फुगलेली मोबाईलची बॅटरी, जळालेली ट्यूबलाइट, नव्या फ्रिजबरोबर आलेलं थर्माकोल, गाठी झालेली कापसाची गादी, तळ निघालेल्या चपला, घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या उरलेल्या औषधांच्या पट्ट्या. घंटागाडीवर हे घेत नाहीत, आणि घेतलंच तर पुढे त्याचं काय होतं ते कुणी विचारत नाही. मग ते माळ्यावर चढतं, पलंगाखाली सरकतं. रमजानच्या आधी घराची साफसफाई निघाली किंवा भाड्याचं घर सोडायची वेळ आली, की एका रात्रीत कोपऱ्यावरच्या ढिगात नाहीतर ओढ्याच्या काठी जाऊन पडतं.

यावेळी मला याच कचऱ्याबद्दल लिहायचं आहे. कारण आपल्या तरुण मित्रमैत्रिणींकडून एक प्रश्न नेहमी येतो, "आमच्या भागात काहीतरी काम सुरू करायचंय, कशापासून करू?" याचं ठरलेलं उत्तर म्हणजे स्वच्छता मोहीम. झाडू, हातमोजे, टी-शर्ट, मागे बॅनर, पुढे फोटो. दोन तास रस्ता झाडायचा आणि सोमवारी तो पुन्हा तसाच. माझं म्हणणं असं, की रस्ता झाडण्यापेक्षा शेजाऱ्यांना एकत्र करून गाडी न नेणाऱ्या वस्तूंची सोय लावा. हे काम लहान आहे, पण त्यात खरी गरज आहे, खरा हिशोब आहे, आणि ते शेजाऱ्याशी बोलल्याशिवाय होतच नाही.

मी मार्केट यार्डात राहतो आणि सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो. इंजिनिअरिंगला शिकवलेली एक गोष्ट इथे उपयोगी पडते. एखादी गोष्ट अडली असेल तर माणसांना दोष देण्याआधी ती नेमकी कुठे अडते ते पाहा. म्हणून मी आमच्याकडे कचरा न्यायला येणाऱ्या 'स्वच्छ'च्या ताईंना विचारलं, "ताई, तुम्ही काय काय घेत नाही, आणि का?" त्यांनी उभ्या उभ्या सगळं अर्थशास्त्र सांगितलं. "दादा, थर्माकोल कोण घेतंय? पोतं भरतं, वजन भरत नाही." चपलेत रबर, फोम, कापड, खिळे सगळं चिकटलेलं, ते सोडवायला वेळ जातो आणि भाव मिळत नाही. कुरकुऱ्यांच्या पुडीत प्लॅस्टिक आणि चमकीचा थर एकत्र, भंगारच्या दुकानात ती परत करतात. ट्यूबलाइट फुटली तर हात कापतो. गादी हातगाडीवर मावत नाही.

म्हणजे या वस्तू आळसामुळे मागे राहत नाहीत. बहुतेक वेळा एका घरातून त्या इतक्या कमी निघतात, की कुणालाही फेरी परवडत नाही. एका राऊटरसाठी कुणी गाडी पाठवणार नाही. पन्नास घरांचे राऊटर, चार्जर, मिक्सर आणि की-बोर्ड एका ठिकाणी जमले, की तोच माल होतो आणि त्याला न्यायला परवानाधारक रिसायकलिंगवाला स्वतः टेम्पो पाठवतो. घरातली अडगळ आणि कारखान्याचा कच्चा माल यांत मुख्य फरक प्रमाणाचा आहे, आणि ते प्रमाण शेजारी मिळूनच गाठू शकतात.

हे काम पूर्वी कुणीच करत नव्हतं, असं नाही. आपल्या आजीच्या काळात प्रत्येक वस्तूसाठी दारावर येणारा एक माणूस होता. जुन्या साड्या-लुगड्यांवर भांडं देणारी बोहारीण होती. पितळी भांड्यांना पुन्हा वापरात आणणारा कल्हईवाला होता. धुनकी खांद्यावर घेऊन येणारा पिंजारी गादीतला कापूस अंगणात पिंजून तीच गादी पुन्हा भरून द्यायचा. महाराष्ट्रातल्या पिंजारी-नदाफ-मन्सूरी समाजाचा हा पिढीजात धंदा. आज जी गादी घंटागाडीला नको आहे, ती पन्नास वर्षांपूर्वी आपल्याच समाजातल्या एका जमातीची रोजीरोटी होती. फोमच्या गाद्या आल्या, वस्तू दुरुस्त करण्यापेक्षा नवी घेणं स्वस्त झालं, आणि ही माणसं दारावरून गेली. त्यांच्याबरोबर ती साखळीही तुटली. ती तशीच परत येणार नाही, पण तिची जागा रिकामी ठेवून चालणार नाही.

मार्केट यार्डात राहणाऱ्याला कष्टाच्या संघटनेची गोष्ट दूर जाऊन शोधावी लागत नाही. इथल्या गाळ्यांत पाठीवर पोतं घेऊन चालणाऱ्या हमालांची हमाल पंचायत बाबा आढावांनी १९५५ मध्ये उभी केली. पुढे १९६९ मध्ये माथाडी कायदा आला. १९७४ पासून 'कष्टाची भाकर' केंद्रांतून कष्टकऱ्यांना परवडणारं जेवण मिळू लागलं. याच परंपरेतून १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. तिची सुरुवात कशी झाली ते आपल्या तरुणांनी नीट समजून घ्यायला हवं, कारण आजच्या आपल्या कामाचा सगळ्यात मोठा धडा त्यात आहे.

एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातल्या लक्ष्मी नारायण आणि पूर्णिमा चिकरमाने कचरा वेचणाऱ्या बायकांबरोबर काम करत होत्या. कचराकुंडीत हात घालण्यापेक्षा घरातूनच वेगळा केलेला सुका माल मिळाला तर बायकांचे कष्ट आणि घाण दोन्ही कमी होतील आणि मालाला भाव चांगला मिळेल, असा विचार पुढे आला. काही बायकांनी घरोघर जाऊन तसा माल घ्यायला सुरुवात केली. थोड्याच दिवसांत त्याच भागात एका उद्योजकाने गाडी घेऊन घरोघर सुका कचरा गोळा करायला सुरुवात केली. नागरिकांच्या दृष्टीने ती चांगलीच सोय होती. पण ज्या बायकांनी वाट तयार केली, त्यांच्याच हातातला माल जाऊ लागला. त्यांनी विरोध केला. त्यातून संघटनेची गरज पुढे आली, आणि बाबा आढावांच्या पुढाकाराने भरलेल्या १९९३ च्या अधिवेशनाला आठशेहून अधिक कचरावेचक जमले. पुढे संघटनेच्या ओळखपत्रांना महापालिकेची मान्यता मिळाली, आरोग्य विमा मिळाला, आणि याच सभासदांच्या मालकीची 'स्वच्छ' सहकारी संस्था २००८ पासून महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करू लागली.

या गोष्टीतून निघणारा नियम आम्ही आमच्या कामात पहिल्या दिवशी लिहून ठेवला. ज्याला भाव आहे ते ताईंचं, ज्याला भाव नाही त्याची जबाबदारी आपली. पर्यावरणाचं काम करायला निघालेली सुशिक्षित मंडळी पुष्कळदा उलटं करतात. पुठ्ठा, पेपर, बाटल्या, डबे गोळा करून विकतात, त्या पैशातून झाडं लावतात आणि समाधानी होतात. तो पुठ्ठा ताईंच्या महिन्याच्या कमाईतला असतो, हे कुणाच्या लक्षात येत नाही. आपण संघटित होऊन त्यांच्या ताटातलं उचलणार असू, तर न केलेलं बरं.

आता प्रत्यक्ष काम कसं चालतं ते सांगतो, म्हणजे कुणाला करायचं असेल तर सुरुवात सोपी जाईल.

आमच्या लगतच्या तीन इमारती आणि मागची बैठी घरं मिळून दर तीन महिन्यांनी एक रविवार ठरलेला आहे. वेळ संध्याकाळची, कारण रविवारी सकाळी यार्डात मालाची आवक जोरात असते आणि टेम्पोंच्या गर्दीत दुसरी गाडी लावायला जागा मिळत नाही. तारीख आधीपासून पक्की असते आणि बदलत नाही. हे फार महत्त्वाचं आहे. लोक वस्तू फेकून देतात कारण ती पुढे कधी जाणार ते त्यांना माहीत नसतं. तारीख माहीत असली, की तीच वस्तू तीन महिने एका खोक्यात राहू शकते.

वस्तूंची यादी मुद्दाम छोटी ठेवली आहे. विजेवर आणि बॅटरीवर चालणाऱ्या वस्तू, सुटे सेल आणि बॅटऱ्या, ट्यूबलाइट आणि सीएफएल, वापरण्याजोगे कपडे आणि चपला, स्वच्छ धुऊन वाळवलेलं बारीक-सारीक प्लॅस्टिक. बस. पहिल्याच वेळी 'सगळं आणा' म्हटलं तर फुटक्या कमोडपासून राडारोड्यापर्यंत सगळं येतं आणि रात्री दहा वाजता ते तुमच्याच पार्किंगमध्ये पडून राहतं. ज्याला पुढची वाट माहीत आहे तेवढंच घ्यायचं. थर्माकोल आणि गाद्या आम्ही अजून घेत नाही, कारण त्या नियमितपणे घेणारं ठिकाण आमच्या हाताशी नाही. ज्या दिवशी मिळेल त्या दिवशी यादीत एक ओळ वाढेल.

पुढची वाट शोधणं हे या कामातलं खरं काम. पुण्यात त्यासाठी जागा आहेत. 'स्वच्छ' बरीच वर्षं 'व्ही-कलेक्ट' नावाचा उपक्रम घेते. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या ठिकाणी लोक जुने कपडे, चपला, भांडी, फर्निचर, ई-कचरा आणून देतात. वापरण्याजोगं ते गरजूंपर्यंत पोचतं, बाकीचं पुनर्वापराला जातं. ई-कचरा आणि प्लॅस्टिक गोळा करण्याच्या शहरभर चालणाऱ्या मोहिमा पूर्णम इकोव्हिजनसारख्या संस्था घेतात. घरगुती प्लॅस्टिक गोळा करून जेजुरीजवळच्या प्रकल्पात त्याचं इंधन तेल करण्याचं काम मेधा ताडपत्रीकर आणि शिरीष फडतरे यांच्या रुद्र एन्व्हायर्न्मेंटल सोल्युशनने केलं आहे. आपल्या गल्लीत नवीन संस्था काढायची गरज नाही. आहे त्या वाटेपर्यंत माल नीट, वेगळा करून, पुरेशा वजनाने पोचवायचा.

टेबलावर तीन माणसं बसतात. एक वस्तू घेतो, एक वजन करतो, एक वहीत लिहितो. घराचं नाव लिहीत नाही, इमारत लिहितो. बॅटऱ्यांच्या टोकांना चिकटपट्टी लावून त्या वेगळ्या डब्यात जातात, कारण लिथियमची बॅटरी दाबली गेली किंवा टोकं एकमेकांना लागली तर पेट घेऊ शकते. फुगलेली बॅटरी वाळू भरलेल्या पत्र्याच्या डब्यात. ट्यूबलाइट मूळ खोक्यात किंवा वर्तमानपत्रात गुंडाळून उभी ठेवायची, तिच्यात पारा असतो. वापरण्याजोगे कपडे आधी ताईंसमोर ठेवायचे, त्यांना हवं ते त्या घेतात, मग बाकीचे पुढे. माल गेला की आठवड्याभरात गटावर एक निरोप जातो, अमुक किलो ई-कचरा अमुक ठिकाणी दिला, पावतीचा फोटो सोबत. पावती मिळाली नाही तर तेही लिहायचं. लोकांचा विश्वास भाषणाने वाढत नाही, पावतीने वाढतो.

माझ्या व्यवसायामुळे माझ्याकडे एक जादा जबाबदारी आपोआप आली आहे. जुने फोन आणि लॅपटॉप लोक वर्षानुवर्षं कपाटात ठेवतात, त्याचं मुख्य कारण त्यातले फोटो. घरातल्या बायकांचे, मुलांचे फोटो परक्याच्या हाती पडतील ही भीती खोटी नाही. म्हणून टेबलाशेजारी एक खुर्ची फक्त यासाठी असते. फोन चालू होत असेल तर आधी फोटोंची प्रत काढून द्यायची, खात्यातून बाहेर पडायचं, मेमरी कार्ड आणि सिम काढायचं, मग फॅक्टरी रीसेट. लॅपटॉपची हार्ड डिस्क संपूर्ण पुसायची. चालतच नसेल तर डिस्क बाहेर काढून मालकासमोर ड्रिलने भोकं पाडायची. हे सगळं मालकाच्या डोळ्यांदेखत. आपल्यातले निम्मे तरुण आयटीत आहेत किंवा मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात आहेत. हे कौशल्य आपल्याकडे भरपूर आहे, ते गल्लीच्या कामी आणा.

ई-कचऱ्यावर मी इतका भर का देतो, त्याला कारण आहे. २०२२ या एका वर्षात जगभरात सुमारे ६ कोटी २० लाख टन ई-कचरा तयार झाला आणि त्यातला चौथा हिस्साही रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेल्याची नोंद नाही. उरलेला कुठे जातो? भारतात त्याचा मोठा भाग दिल्लीतल्या सीलमपूरसारख्या वस्तीत आणि उत्तर प्रदेशातल्या मुरादाबादसारख्या शहरात पोचत आला आहे. तिथे तांब्यासाठी वायरी जाळल्या जातात, सोन्याच्या कणांसाठी सर्किट बोर्ड ॲसिडमध्ये बुडवले जातात. मुरादाबादला रामगंगेच्या काठावर त्या जळालेल्या बोर्डांच्या काळ्या राखेचे ढीग साचले. हे काम करणाऱ्यांमध्ये आपल्या समाजातली माणसं मोठ्या संख्येने आहेत, बायका आणि मुलंही. शिसं, धूर, ॲसिडची वाफ त्यांच्या शरीरात जाते. एखाद्या चकचकीत सोसायटीतून निघालेला लॅपटॉप कुणाच्या फुफ्फुसात संपतो, हा प्रश्न आपल्यासाठी दूरचा नाही.

'भंगारवाला', 'पंक्चरवाला' हे शब्द आपल्या मुलांना टोमणे म्हणून ऐकवले जातात. ते ऐकून आपल्यातले काही शिकलेले लोक त्या धंद्यांपासून लांब उभे राहतात, जणू तो आपला भूतकाळ आहे आणि त्याचा उल्लेख नको. मला हे पटत नाही. शहरातला पत्रा, तांबं, काच, प्लॅस्टिक पुन्हा कारखान्यात पोचतं ते याच माणसांमुळे. लाज वाटायची असेल तर ती धंद्याची नको. त्या धंद्यात हातमोज्याशिवाय, मास्कशिवाय, विम्याशिवाय माणसं काम करतात, याची वाटू दे. आपल्या ओळखीतला कुणी भंगारच्या धंद्यात असेल तर त्याला दोन गोष्टी समजावून सांगा. वायर जाळू नकोस, सोलून तांबं काढ, जळालेल्या तांब्यापेक्षा त्याला भावही बरा मिळतो. आणि बोर्ड स्वतः फोडू नकोस, परवानाधारकाला वजनावर वीक. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि उत्पादक कंपन्यांना त्यांनी विकलेल्या मालाच्या प्रमाणात पुनर्वापराची जबाबदारी त्यांत दिलेली आहे. त्या साखळीत रीतसर शिरायला आपल्या व्यापाऱ्यांना कागदपत्रांची आणि पोर्टलवर नोंदणीची मदत लागते. ही मदत बारावी झालेला मुलगासुद्धा करू शकतो.

यावर दोन आक्षेप येतात, दोन्ही रास्त आहेत.

पहिला असा, की हे महापालिकेचं आणि कंपन्यांचं काम आहे, आपण फुकट का करायचं? काम त्यांचंच आहे, हे मला मान्य आहे. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी स्पष्ट सांगितलं होतं, की बॅटऱ्या, ट्यूबलाइट, औषधं असा घरगुती घातक कचरा जमा करण्यासाठी दर वीस चौरस किलोमीटरला किंवा त्याच्या भागाला एक केंद्र स्थानिक संस्थेने उभारावं. पुण्याचं क्षेत्रफळ आता पाचशे चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. म्हणजे पंचवीसच्या आसपास केंद्रं हवीत, त्यांच्या वेळा लोकांना माहीत हव्यात. तुमच्या घराजवळचं केंद्र कुठे आहे, हे तुमच्या इमारतीत कितीजण सांगू शकतील ते विचारून पाहा. आणि इथेच आमची वही कामाला येते. क्षेत्रीय कार्यालयातल्या मोहल्ला कमिटीच्या बैठकीत 'आमच्याकडे सोय नाही' एवढंच म्हटलं तर ती तक्रार होते. 'इतक्या घरांतून, इतक्या वेळा, इतके किलो निघतं, तारखा आणि पावत्या या' असं म्हटलं तर तो प्रस्ताव होतो. पुण्यात २००६ पासून नागरिकांना महापालिकेच्या अंदाजपत्रकात प्रभागातली कामं सुचवता येतात. एक पत्र्याची शेड, आठवड्यातून एक दिवस उघडणारी, हे मागण्यासारखं काम आहे. आपण स्वतः करतो ते महापालिकेची सुटका करायला नाही, मागणी पक्की करायला.

दुसरा आक्षेप आपल्या मनातला आहे. आपण असं काम केलं, की लगेच कुणीतरी म्हणतं, "छान, आता लोकांना दिसेल की मुसलमानही स्वच्छता पाळतात." हे वाक्य ऐकलं की माझा उत्साह जातो. आपण कुणापुढे परीक्षा द्यायला हे करत नाही. माझ्या मजल्यावर गूळ-मिरचीचे मारवाडी व्यापारी राहतात, खाली बँकेतून निवृत्त झालेले जोशीकाका आहेत, मागच्या बैठ्या घरांत हमाली करणाऱ्यांची कुटुंबं आहेत. सगळ्यांच्या घरात तीच फुगलेली बॅटरी आहे. पहिल्यांदा टेबल लावलं तेव्हा जोशीकाकांनी घरचा वजनकाटा आणून दिला आणि त्यानंतर प्रत्येक वेळी वही तेच लिहितात. व्यापारी शेजाऱ्यांचा रिकामा परतणारा टेम्पो आम्हाला वाटेत माल सोडून देतो. यात कुणी कुणाला काही सिद्ध करून दाखवत नाही. घर भाड्याने मिळताना नाव विचारलं जातं त्या शहरात, एका टेबलामागे तीन तास एकत्र बसणं हे लहान काम नाही. पण ते घडायचं असेल तर टेबलावर बॅनर नको. आमच्या टेबलावर संस्थेचं, पक्षाचं, जमातीचं नाव नसतं. फक्त कागदावर यादी आणि तारीख असते.

आपल्याकडे एक गोष्ट मात्र आधीपासून आहे, ती ओळखायला हवी. पुष्कळ मशिदींत एक पेटी किंवा पोतं टांगलेलं असतं, त्यात जिल्द सुटलेली कुरआनची पानं, उर्दू वर्तमानपत्रातली आयती छापलेली कात्रणं, जुन्या दिनदर्शिका टाकल्या जातात. हा कागद रद्दीत जात नाही, तो जमवून अदबीने दफन केला जातो किंवा वाहत्या पाण्यात सोडला जातो. पाकिस्तानातल्या क्वेट्ट्याजवळ जबल-ए-नूर नावाच्या टेकडीत तर अशा जीर्ण प्रतींसाठी बोगदे खोदले आहेत. म्हणजे 'ही वस्तू कचऱ्याच्या गाडीत टाकायची नाही, हिच्यासाठी वेगळी जागा आणि जमवणारा माणूस हवा' ही कल्पना आपल्या मोहल्ल्याला नवी नाही. ती पेटी कुणी रिकामी करतो, कधी करतो, हे मशिदीत येणाऱ्यांना माहीत असतं आणि म्हणून लोक तिच्यावर विसंबतात. तिथे भाव आहे तो श्रद्धेचा, बॅटरीच्या डब्यात आहे ती फक्त काळजी. दोन्हींची बरोबरी मला करायची नाही. पण ट्रस्टींना समजावताना हे उदाहरण उपयोगी पडतं. अंगणाच्या दुसऱ्या कोपऱ्यात बॅटऱ्यांचा एक डबा ठेवायला आणि जुम्याच्या नमाजनंतर तारीख सांगायला बहुतेक ट्रस्टी तयार होतात. तसंच गणपती मंडळाच्या फलकावर, जैन स्थानकाच्या सूचनापेटीशेजारी ती तारीख लागली पाहिजे.

जपानच्या शिकोकू बेटावर कामिकात्सु नावाचं जेमतेम दीड हजार वस्तीचं गाव आहे. तिथे कचऱ्याची गाडी येतच नाही. २००३ मध्ये त्यांनी शून्य कचऱ्याचं धोरण जाहीर केलं. लोक स्वतः केंद्रावर येतात आणि चाळीसहून अधिक प्रकारांत वस्तू वेगळ्या करतात. त्यांचा बहुतांश कचरा पुनर्वापराला जातो. आपण कामिकात्सु होणार नाही. आपली वस्ती दाट आहे, घरं लहान आहेत, इतके डबे ठेवायला जागा कुणाकडे आहे? पण त्या गावाने एक गोष्ट दाखवली आहे. गाडी आली नाही तरी कचऱ्याला वाट असू शकते, जर लोकांना जागा, वेळ आणि यादी माहीत असेल. एवढं आपल्याला जमण्यासारखं आहे.

आणि न जमल्याची किंमत पुण्याने पाहिली आहे. उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी वर्षानुवर्षं शहराच्या कचऱ्याचा डोंगर सोसला. विहिरींचं पाणी खराब झालं, ढिगांना आगी लागल्या, गाड्या अडवून आंदोलनं झाली. तिथे गेलेल्या कचऱ्यात आपल्या पेठांचा, आपल्या मोहल्ल्यांचा, आपल्या सोसायट्यांचा वाटा होता. 'घराबाहेर गेलं म्हणजे गेलं' असं आपण समजलो, ते कुणाच्या तरी घराशेजारी जाऊन पडलं होतं.

म्हणून हे वाचून झाल्यावर कुठलीही मोठी योजना आखू नका. उद्या सकाळी तुमच्याकडे कचरा घ्यायला येणाऱ्या ताईंना किंवा काकांना विचारा, तुम्ही काय घेत नाही आणि कशाला भाव मिळत नाही. त्यांनी सांगितलेलं लिहून घ्या. मग वर-खाली, समोरच्या, मागच्या दहा घरांत जाऊन विचारा, तुमच्याकडे यातलं काय पडून आहे. या दोन कागदांवर जे समान निघेल ती तुमची यादी. ते नेणारं एक ठिकाण शोधा, दोन महिन्यांनंतरची एक तारीख ठरवा आणि ती बदलू नका. पहिल्या वेळी चार घरं येतील. तेवढी पुरेत. वहीत त्या चार घरांच्या मालाचं वजन लिहा आणि खाली पुढची तारीख टाका.